यार्डातलं अल्को आणि भुसावळचा वर्ग

पत्राचा गोषवारा : पत्रलेखक ५८ वर्षांचे आहेत, मध्य रेल्वेच्या एका मोठ्या जंक्शनवर लोको पायलट. असिस्टंट म्हणून लागल्यापासून सगळी नोकरी डिझेलवर. मालगाडी, पॅसेंजर, मेल असं सगळं करून, पत्नीच्या आजारपणामुळे त्यांनी लाइन सोडून यार्डातलं शंटिंग, म्हणजे डबे जोडण्या-हलवण्याचं काम, मागून घेतलं. डिझेलमध्ये ड्रायव्हरला ठरलेलं इंजिन मिळत नाही, पण यार्डात त्यांच्या वाट्याला बहुतेक रोज एकच येत राहिलं : १९९०च्या दशकात वाराणसीच्या कारखान्यातून आलेलं डब्ल्यूडीएम-३ए जातीचं डिझेल इंजिन. त्याचा मूळ आराखडा अमेरिकेच्या अल्को कंपनीचा, म्हणून पत्रभर ते त्याला ‘आमचं अल्को’ म्हणतात. आता ते कंडम होऊन भंगारात जाणार असं शेडमधून कळलंय. त्याच सुमारास त्यांना विजेच्या इंजिनाच्या कन्व्हर्जन ट्रेनिंगला भुसावळला जायला सांगितलंय. आजवर ते काही ना काही कारण काढून हे टाळत आले. त्यांचे प्रश्न असे : इंजिनाबरोबर आपणही स्वेच्छानिवृत्ती घ्यावी का? ते इंजिन कुठे चौथऱ्यावर उभं करून वाचवता येईल का? निदान त्याच्या थ्रॉटलचं हँडल आठवण म्हणून घरी आणलं तर काय बिघडलं? पत्नी म्हणतात, ‘लोखंडासाठी कुणी जेवण सोडतं का?’

उत्तर :

नमस्कार,

थंडीतल्या पहाटे बॅटऱ्या मंद असल्या की क्रँक करताना इंजिन कसं कुरकुरतं, नॉच, म्हणजे थ्रॉटलचा टप्पा, घाईनं वाढवला की हवा पुरवणारा टर्बो मागे पडून काळ्या धुराचा लोट कसा निघतो, म्हणून लोड मीटरचा काटा बसल्याशिवाय पुढचा नॉच द्यायचा नाही, हे सगळं तुम्ही मनापासून लिहिलंय. माझं रेल्वेशी नातं तिकिटापुरतं. तरी तुमचं पत्र वाचून मला ते इंजिन दिसलं.

वहिनींचा प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर ‘हो, सोडतं’ असंच आहे. ज्या शेडमध्ये खंडेनवमीला इंजिनाला झेंडूचे हार घालून नारळ वाढवतात, तिथल्या माणसाला त्याच इंजिनाचा लिलाव होताना काही वाटू नये, ही अपेक्षाच चमत्कारिक. तेव्हा वाईट वाटून घेऊ नका, असं मी म्हणणार नाही.

पण पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी एका ओळीवर थांबले. इंजिनाबद्दल एवढं भरभरून लिहून झाल्यावर, जाता जाता म्हटल्यासारखं तुम्ही लिहिलंय : ‘वर्ग घेणाऱ्यांत एक जण माझ्या हाताखाली असिस्टंट होता.’ त्यावर पुढे काहीच नाही. लगेच पुन्हा इंजिन सुरू.

मला वाटतं, पत्र त्या ओळीत आहे.

एक कल्पना करून बघा. उद्या शेडमधून निरोप आला की अल्कोला आणखी दहा वर्षं मिळाली, ते यार्डातच राहणार. फक्त तुम्ही ट्रेनिंग करून या आणि परत त्याच्यावरच बसा. तुम्ही आनंदानं भुसावळची गाडी पकडाल का? की तेव्हाही पाठदुखी, घरचं आजारपण, रजेचा अर्ज असं काहीतरी पुढे येईल? उत्तर मला कळवायची गरज नाही. पण दुसरं उत्तर खरं असेल, तर स्वेच्छानिवृत्तीचा विचार इंजिनामुळे आलेला नाही. ज्या पोराला तुम्ही सिग्नल मोठ्यानं पुकारायला शिकवलं, तो फळ्यापाशी उभा राहून प्रश्न विचारणार आणि तुम्हाला उत्तर येणार नाही, ही धास्ती आहे. चारचौघांत हे बोलता येत नाही. ‘माझं इंजिन गेलं, आता मीही जातो’ हे मात्र सहज बोलता येतं, आणि ऐकणाऱ्याचे डोळेही पाणावतात.

धास्ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. ५८व्या वर्षी ट्रबलशूटिंगचा, म्हणजे बिघाड शोधून काढण्याचा, जाडजूड मजकूर पाठ करणं सोपं नाही. पण दुःखाचा निर्णय वेगळा आणि धास्तीचा निर्णय वेगळा. पहिल्याच्या नावावर दुसरा घेतला, की पुढची कित्येक वर्षं माणूस स्वतःलाच एक गोष्ट रंगवून सांगत बसतो.

आता तुमच्या काही गृहीतकांकडे येते. तुम्ही लिहिता, ‘या तारेवरच्या इंजिनांना जीव नसतो, बटणं दाबायची आणि बसून राहायचं.’ तुमच्याच पत्रात तुमचे उस्ताद आहेत. वाफेवर वाढलेले, डिझेलला ‘डबा’ म्हणणारे. वाफेच्या जमान्यात पुष्कळ शेडमध्ये ड्रायव्हरला ठरलेलं इंजिन असायचं, तो ते स्वतःच्या हातानं पुसायचा, नटवायचा. डिझेल आलं आणि ‘ज्याला जे मिळेल ते’ सुरू झालं. उस्तादांना तो घरातून बाहेर काढल्यासारखा अपमान वाटला असणार. चित्तरंजनमध्ये ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन १९७० साली तयार झालं. त्याचं नावच ‘अंतिम सितारा’ ठेवलं होतं. म्हणजे पुढे काय होणार हे सगळ्यांना दिसत होतं. तरी ब्रॉडगेजवरची वाफ संपायला १९९५ उजाडलं. मधली पंचवीस वर्षं हजारो माणसं डिझेलच्या वर्गात बसली, त्यांत तुमचे उस्तादही होते. त्या ‘डब्या’वर बसूनच त्यांनी तुमचा कान तयार केला. ते घरी बसले असते, तर आज तुम्हाला अल्कोचा आवाज कुणी ओळखायला शिकवला असता?

मुंबईकडेही असंच झालं. कल्याणहून कसारा आणि कर्जतच्या बाजूला १५०० व्होल्ट डीसीवर ज्यांची सगळी नोकरी झाली, भोर घाटात ३७ला १च्या चढावर मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावून ज्यांनी गाड्या लोणावळ्याला पोचवल्या, त्यांच्या डोक्यावरच्या तारेतच २५,००० व्होल्ट एसी आलं. इंजिनं बदलली, पण घाट तोच राहिला. उतारावर ब्रेकची परीक्षा घेतल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा नियमही तसाच राहिला.

तुमच्या हातातलंही बरंचसं तसंच राहणार आहे. लोडचा अंदाज, ब्रेक किती आधी धरायचा, रुळावर दव असलं की चाक कुठे घसरतं, कपलिंगला धक्का न देता डबे कसे लावायचे, पावसात सिग्नल किती लांबून दिसतो, हे भुसावळच्या कुठल्याही पुस्तकात नाही. नवं शिकायचं ते निराळं आहे : तारेला टेकून वीज घेणारा पँटो, वीज तोडणारा-जोडणारा मुख्य ब्रेकर म्हणजे डीजे, आणि न्यूट्रल सेक्शन. एका सबस्टेशनचा पुरवठा संपून दुसऱ्याचा सुरू होतो, तिथला तो बिनविजेचा तुकडा. ५०० मीटरवर एक पाटी, २५० मीटरवर दुसरी, डीजे उघडून वीज तोडायची, तुकडा ओलांडायचा, मग डीजे बंद करून वीज पुन्हा जोडायची. अल्कोवर ३,१०० हॉर्सपॉवर होती, मालगाड्या ओढणाऱ्या विजेच्या डब्ल्यूएजी-९वर ६,१२० आहे, आणि उतारावर ब्रेक लावला की ते वीज तारेत परत पाठवतं. खरं सांगा, हे वाचताना तुमच्यातल्या असिस्टंटला थोडीसुद्धा उत्सुकता वाटली नाही?

आणि एक गंमत, तुम्हाला कदाचित ठाऊक असेलही. वाराणसीच्याच कारखान्यात २०१८ साली जुनी डब्ल्यूडीजी-३ए डिझेल इंजिनं विजेवर आणली. दोन जोडून १०,००० हॉर्सपॉवरचं एक झालं आणि फेब्रुवारी २०१९मध्ये पंतप्रधानांनी त्याला झेंडा दाखवला. ते काही सरसकट झालं नाही, पण तुमच्या अल्कोच्या भाऊबंदांपैकी एक-दोघांनी तरी कन्व्हर्जन पार पाडलं, असं म्हणायला हरकत नाही!

दुसरं गृहीतक थोडं नाजूक आहे. तुम्ही म्हणता, ‘ते माझ्याबरोबरच म्हातारं झालं.’ पण शेडचं काम तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. शेड्यूलला गेलं की टर्बो उतरतो आणि दुसऱ्या इंजिनाचा दुरुस्त झालेला त्यावर चढतो. ट्रॅक्शन मोटर, पिस्टन, लायनर, चाकं, सगळ्याची अशीच अदलाबदल. तुमच्या अल्कोत तुम्ही पहिल्यांदा बसलात त्या दिवसाचं किती लोखंड उरलंय, हे शेडच्या मिस्त्रीलाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. ते सतत नवं होत राहिलं, म्हणून इतकं टिकलं. माणसाला तसं करता येत नाही, फक्त वर्गाला जाता येतं. तेव्हा त्याच्या कंडम होण्याच्या कागदावर आपलंही नाव वाचू नका. ते डोक्यावर तार आली म्हणून चाललंय. तुम्ही अजून दरवर्षी मेडिकलला जाता आणि फिट होऊन येता.

आता कागदाचं बोलू. वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झालेल्याला तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते, त्यामुळे वाट मोकळी आहे. तुम्ही २००४च्या आधी लागलेले, म्हणजे जुनी पेन्शन. पण दोन वर्षं आधी गेलात तर दोन वर्षांचा पगार, मायलेज म्हणजे धावलेल्या अंतराचा भत्ता, आणि मधल्या वेतनवाढी जातात. शेवटचा मूळ पगार कमी, म्हणून पेन्शनही त्या प्रमाणात कमी. रनिंग स्टाफचं, म्हणजे गाडीवर काम करणाऱ्यांचं, पेन्शन काढताना मूळ वेतनात त्याचे ५५ टक्के आणखी धरतात, ही तुमच्या नोकरीतली फार मोलाची सोय आहे. म्हणून लॉबीतलं (ड्रायव्हर ड्यूटीवर हजर होतात त्या कचेरीतलं) टेबल, क्रू कंट्रोलरचं काम, ट्रेनिंग स्कूल अशी एखादी बसून करायची जागा मागायचा विचार असेल, तर त्या जागेवरून निवृत्त झाल्यावर हा हिशेब तसाच राहतो का, हे आधी सेवा-पुस्तक समोर ठेवून पर्सोनेल शाखेकडून लेखी घ्या. चहाच्या टपरीवर मिळालेल्या माहितीवर अर्ज करू नका. युनियनच्या माणसालाही विचारा, पण शेवटी कागदच बघा. वहिनींच्या उपचारांचाही हिशेब यात धरा. निवृत्तांच्या आरईएलएचएस वैद्यकीय योजनेचं आणि उमीद कार्डाचं काम नोकरीत असतानाच मार्गी लावलं, की नंतर त्यांच्या औषधांसाठी खेटे पडत नाहीत.

एक मधली वाटही आहे. डिझेल उद्या सकाळी संपत नाहीये. अपघात मदत गाड्या, तार नसलेली सायडिंगं, तार तुटल्यावर ओढून न्यायचं काम, यासाठी ती लागतात. दोनच वर्षं उरली आहेत, तोवर डिझेलवरच ठेवता येईल का, असं तुमच्या सीएलआयना, म्हणजे चीफ लोको इन्स्पेक्टरना, सरळ विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. मात्र ‘नाही’ म्हणाले तर तो अपमान समजू नका. तुम्ही आजवर हे टाळलंय, हे त्यांनाही माहीत आहे.

माझं मत विचाराल, तर वर्गाला जा. दोन वर्षांत त्याचा फार उपयोग होईल म्हणून नाही सांगत. न जाता घरी बसलात, तर ‘मला जमलं नसतं का?’ हा प्रश्नही घरी येईल, आणि ट्रिप नसलेल्या माणसाकडे विचार करायला वेळच वेळ असतो. आणि त्या जुन्या असिस्टंटला वर्ग सुरू व्हायच्या आधी फोन करा. ‘बाबा रे, मला सर्किट डायग्राम कळत नाही, संध्याकाळी अर्धा तास बस माझ्याबरोबर,’ असं म्हणा. हे बोलणं जड जाईल. पण तुमच्या हाताखाली काम केलेला माणूस यावर हसेल असं तुम्हाला खरंच वाटतं का? तुम्ही त्याला कसं वागवलं होतं, यावर ते बरंचसं अवलंबून आहे, आणि ते तुम्हालाच ठाऊक.

चौथऱ्याचा प्रश्न. मागणी करायला हरकत नाही. विभागीय व्यवस्थापकांच्या नावे अर्ज द्या, इंजिनाचा नंबर, कारखाना, त्याची सेवा लिहा, शेडमधल्या चार-पाच जणांच्या सह्या घ्या. पण आशा बेतानंच ठेवा. जतन होतात ती पहिली, शेवटची किंवा एकुलती एक. दिल्लीच्या चाणक्यपुरीतल्या संग्रहालयात जीआयपीचं (जुन्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचं) ४००६ नंबरचं ‘सर रॉजर लम्ली’ हे विजेचं इंजिन आहे, कारण तसं सहज मिळणार नाही. डब्ल्यूडीएम-३ए शेकड्यांनी होती. आणि खरं सांगू? ऑफिसाबाहेरच्या चौथऱ्यावर उभी केलेली काही इंजिनं मी पाहिली आहेत. अंगावर दरवर्षी नवा रंग, कॅबच्या काचा फुटलेल्या, आत कबुतरं आणि गुटख्याच्या पुड्या. तुमच्या अल्कोला ते आवडलं नसतं. मन रमवायचं असेल, तर नागपूरच्या मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालय बघून या, किंवा पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे तिथे एक दुपार काढा, वहिनींना घेऊन.

हँडलचं मात्र ठाम ‘नाही’. तुम्ही लिहिलंय, भंगाराचं काम बघणारा ओळखीचा आहे, ‘कुणाला कळतंय.’ रेल्वेच्या मालमत्तेचा बेकायदा ताबा हा १९६६च्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कंडम झालं तरी इंजिन लिलाव होईपर्यंत रेल्वेचं, आणि त्यानंतर ज्यानं बोली लावली त्याचं. तुमचं ते कुठल्याच टप्प्यावर होत नाही. वस्तू पितळी असो की लोखंडी, किंमत पन्नास रुपये असो, निवृत्तीच्या तोंडावर आरपीएफची (रेल्वे सुरक्षा दलाची) केस आणि खात्याची चौकशी लागली तर ग्रॅच्युइटी अडकून पडते. त्या ओळखीच्या माणसाला तर हे आजच सांगून टाका. तुमच्यावर उपकार करायच्या नादात त्यानं स्वतःच ते काढून आणलं, तर दोघंही अडकाल.

जे रीतसर मिळतं, ते मात्र मागून घ्या. शेडमध्ये इंजिनाच्या दुरुस्त्यांची आणि मोठ्या ओव्हरहॉलची नोंद असते. ती बघायची परवानगी घेऊन तारखा वहीत उतरवा. शेडमध्ये उभं असताना, ड्यूटीवर नसताना, वरिष्ठांच्या परवानगीनं फोटो काढा. कॅबमध्ये मोबाईल काढण्याचे नियम तुम्हाला माहीत आहेत, शेवटच्या दिवसांत ते विसरू नका. त्याचा आवाज ध्वनिमुद्रित करून मिळतो का, तेही विचारा : आयडल, मग एकेक नॉच चढत आठपर्यंत. आणि त्या वहीत स्वतःचंही लिहा. कुठल्या सायडिंगला वळणावर बफर अडकतात, कुठला पॉइंट पावसाळ्यात दगा देतो, कुठल्या चढावर वाळू कधी सोडायची. हे इंजिन बदललं तरी पुढच्या शंटरला उपयोगी पडेल, कारण यार्ड तेच राहणार आहे. अशी वही एखाद्या लॉबीत चौथऱ्यापेक्षा जास्त दिवस टिकलेली मी ऐकली आहे.

असे प्रश्न रेल्वेतल्याच माणसांना पडतात असं नाही. छापखान्यातले जुळारी, गिरणीतले साचेवाले, एसटीच्या जुन्या गाडीवर हात बसलेले चालक, अशा सगळ्यांना हे कधी ना कधी भोगावं लागलं. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी तशा वळणावर असेल, तर एवढंच सांगेन : राजीनाम्याचा अर्ज लिहायच्या आधी, यंत्र राहिलं असतं तर मी राहिलो असतो का, हे एकदा स्वतःला विचारा. आणि पैशांचा हिशेब घरातल्या माणसासमोर बसून, कागदावर करा.

घरातल्या माणसावरून आठवलं. वहिनी ‘लोखंड’ म्हणतात याचा तुम्हाला राग आलाय, पत्रात तो दिसतो. पण तुम्ही त्यांना अल्कोबद्दल कधी सांगितलंय का, मला सांगितलंत तसं? त्यांच्या वाट्याला ते इंजिन आलं ते रात्री-अपरात्रीचा कॉल, डब्यात परत आलेली गार भाजी आणि डिझेलचा वास न जाणारे कपडे म्हणून. त्यांच्या आजारपणात तुम्ही लाइन सोडलीत, ही गोष्ट त्या विसरलेल्या नाहीत. कदाचित म्हणूनच, त्यांच्यामुळे मिळालेल्या यार्डातल्या इंजिनासाठी तुम्ही जेवत नाही, याची त्यांना काळजी वाटत असेल. आज जेवा, आणि जेवताना त्यांना तो टर्बोचा किस्सा सांगा.

वर्गाची तारीख लेखी मागून घ्या, तोंडी सूचनेवर राहू नका. जाण्याआधी वाचायच्या चष्म्याचा नंबर तपासून घ्या. विजेच्या इंजिनांची सर्किट डायग्राम फार बारीक छापलेली असतात, आणि पहिल्या दिवशी ‘दिसत नाही’ म्हणायची वेळ आली, तर तुम्ही तेवढ्यावरून परत याल अशी मला शंका आहे.